सुट्टीत घरी आलेल्या विद्यार्थ्याने काय खावे आणि केव्हा खावे?

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी नागपूरला घरी आलो आहे. आई-बाबा दोघेही नोकरीला जातात. रात्री दोनपर्यंत जागा असतो, सकाळी अकराला उठतो, चहाबरोबर चिवडा-चकली खातो, दुपारचे जेवण तीनला होते किंवा राहूनच जाते, संध्याकाळी मित्रांबरोबर बाहेर खाणे होते आणि रात्री दहाला आईच्या आग्रहाने पुन्हा पोटभर जेवतो. पहिल्याच आठवड्यात वजन दोन किलोने वाढून ६५ झाले, उंची १७२ सेंटीमीटर आहे, आणि छातीत जळजळ सुरू झाली आहे. आजी म्हणते, वाळलास, तूप खा. मित्र म्हणतात, भात आणि फराळ बंद कर, प्रोटीन पावडर घे. मी नेमके काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम वजनाची चिंता बाजूला ठेवावी. तुमची उंची आणि वजन यांचा हिशेब केला तर बॉडी मास इंडेक्स साधारण २२ येतो आणि भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ ही योग्य मर्यादा मानली जाते. एक किलो चरबी अंगावर साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. दोन किलो खरोखरच चरबी वाढायची असेल, तर आठवडाभर रोज गरजेच्या जवळजवळ दुप्पट खावे लागेल, आणि तुम्ही सांगितलेल्या दिनक्रमात, फराळ धरूनही, तेवढे खाणे होत नाही. काट्यावर दिसणारी वाढ बरीचशी पाण्याची आहे. चिवडा, चकली, शेव यांतील मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. पिष्टमय पदार्थ वाढले की यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वाढतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. खाणे मार्गी लागले की हे पाणी आठवडाभरात आपोआप उतरते. म्हणून भात बंद, पोळी बंद असले कोणतेही उपाय या सुट्टीत करू नयेत.

छातीतील जळजळ मात्र गांभीर्याने घ्यावी. दर दिवाळीनंतर माझ्याकडे वसतिगृहात राहणारी जी मुले-मुली येतात, त्यांच्या तक्रारींचे मूळ पदार्थांत कमी आणि घड्याळात जास्त सापडते. मेसमध्ये वरण पातळ असेल, भाजी रोज बटाट्याची असेल, पण नाश्ता साडेआठला, जेवण एकला आणि रात्रीचे ताट नऊच्या आत, हे मेस बंद होण्याच्या भीतीने का होईना, पाळले जाते. घरी आल्यावर डबे भरलेले असतात, फ्रीज उघडा असतो, कोणी काही बोलत नाही आणि वेळेचा तो एकमेव आधार निघून जातो. तेव्हा माझा सल्ला एवढाच आहे की घरात जे शिजते तेच खावे, परंतु ते ठरलेल्या वेळी खावे. बाकीचे सर्व या एका बदलामागून येते.

याचे कारण समजून घ्यावे, म्हणजे पाळणे सोपे जाईल. आपल्या पचनसंस्थेला दिवस आणि रात्र यांचे भान असते. जठर रिकामे होण्याची क्रिया रात्री मंदावते आणि तेच अन्न रात्री उशिरा खाल्ले, तर रक्तातील साखर दिवसापेक्षा जास्त वर जाते व जास्त वेळ वर राहते. रात्री दहाला पोटभर जेवून अंथरुणावर आडवे होऊन मोबाइल पाहत राहिले, की भरलेल्या जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येते, कारण आडव्या शरीरात त्याला खाली धरून ठेवणारे गुरुत्वाकर्षण उरत नाही. तुमची जळजळ बहुतेक हीच आहे. जेवण आणि आडवे होणे यांत किमान अडीच-तीन तासांचे अंतर ठेवले, तर अनेकांना औषधाशिवाय चार-पाच दिवसांत आराम पडतो. त्यासाठी रात्रीचे जेवण साडेआठपर्यंत व्हायला हवे, आणि तसे व्हायला हवे असेल तर संध्याकाळी सहानंतर बाहेर आलुबोंडा-समोसा खाणे आपोआप कमी होते, कारण तो खाल्ल्यावर साडेआठला भूक लागत नाही.

झोपेची वेळ एकदम दोनवरून अकरावर आणू नका, ते साधत नाही आणि दोन दिवसांत माणूस कंटाळून सोडून देतो. रोज अर्धा तास आधी उठावे. उठल्यावर तासाभरात काहीतरी खावे आणि पंधरा मिनिटे बाहेर उन्हात जावे. कार्तिकातले नागपूरचे सकाळचे ऊन सोसवणारे असते, अंबाझरीच्या बाजूला किंवा सेमिनरी हिल्सवर चालायला जाणाऱ्यांबरोबर कोणी मित्र जात असेल तर त्याच्यासोबत जावे. सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ लवकरच्या वेळेकडे ओढतो, त्यामुळे रात्री झोपही लवकर येते. आठवडाभरात तुम्ही आठच्या सुमारास उठू लागाल आणि तेव्हा नाश्ता हा नाश्ता होईल, अकराच्या चहाबरोबरचा चिवडा राहणार नाही.

नाश्त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे नागपूरकडे एक फार चांगला पदार्थ आहे आणि त्याचे नाव निष्कारण खराब झाले आहे. तर्री-पोहे म्हटले की लोकांना ठेल्यावरच्या पातेल्यातला लाल तेलाचा तवंग आठवतो. तेच पोहे घरी केले, तर कॉलेजच्या मुलासाठी याहून पोटभरीचा नाश्ता मला माहीत नाही. आदल्या रात्री वाटीभर काळे हरभरे भिजत घालावेत आणि सकाळी कुकरमध्ये मीठ घालून मऊ शिजवावेत. कांदा आणि सुके खोबरे तव्यावर काळपट होईपर्यंत भाजावे, आले-लसणाबरोबर वाटावे. चार माणसांसाठी दोन मोठे चमचे तेल पुरते. त्यात वाटण, तिखट, हळद आणि घरातला काळा मसाला घालून कडेला तेल सुटेपर्यंत परतावे, मग हरभरे त्यांच्या शिजवलेल्या पाण्यासकट घालून दहा मिनिटे उकळू द्यावे. वाढताना पळी वरून फिरवू नये, तळाशी बुडवावी, म्हणजे वाटीत हरभरे येतात आणि तवंग पातेल्यात राहतो. पोह्यांवर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालावा आणि लिंबू पिळावे. पोह्यांत आणि हरभऱ्यांत लोह असते, पण वनस्पतीतले लोह शरीराला सहज मिळत नाही. लिंबातील क जीवनसत्त्वाने ते शोषले जाण्याचे प्रमाण वाढते, तर सोबत घेतलेल्या चहातील टॅनिनने ते घटते. म्हणून चहा पोह्यांबरोबर न घेता तासाभराने घ्यावा. तीस ग्रॅम कोरडे हरभरे पोटात गेले की सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, जी नुसत्या पोह्यांत किंवा उपम्यात मिळत नाहीत. रोज तर्री नको असेल तर मुगाच्या डाळीचे धिरडे किंवा दोन अंडी आणि पोळी, यांपैकी काहीही चालेल.

आता प्रथिनांचा प्रश्न, कारण तुमच्या मित्रांनी सर्वांत जास्त गोंधळ इथेच घातला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुचविलेले प्रमाण प्रौढांसाठी प्रतिकिलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे तुम्हाला साधारण ५४ ग्रॅम. हे घरच्या जेवणात कसे बसते ते पाहा. दिवसभरात साठ ग्रॅम तुरीच्या डाळीचे, म्हणजे दोन वाट्या घट्ट वरण खाल्ले की सुमारे १३ ग्रॅम मिळाले. पाव लिटर दूध किंवा तेवढ्या दुधाचे दही, ८ ग्रॅम. दीडशे ग्रॅम कणकेच्या पोळ्या, १५-१६ ग्रॅम. पाऊण वाटी तांदळाचा भात, ५ ग्रॅम. मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), ७ ग्रॅम. हरभऱ्याची तर्री किंवा एक अंडे, ६ ग्रॅम. बेरीज गरजेएवढी होते आणि यात पावडर कुठेही आलेली नाही. तुम्ही नियमित वजने उचलत असाल तर गरज वाढते, पण तीसुद्धा आणखी एक वाटी उसळ, शंभर ग्रॅम पनीर किंवा थोड्या सोयाबीन वड्यांनी भागते. वरील हिशेबातला कळीचा शब्द घट्ट हा आहे. पातळ वरणाची वाटी तीच दिसते, परंतु डाळ निम्मी असते. वरण भातावर घातल्यावर कडेने वाहून ताटात तळे होत असेल तर ते डाळीचे पाणी आहे, भाताला धरून राहत असेल तर ते वरण आहे. भात आणि वरण एकत्र खाणे हे आपल्याकडे नुसती सवय म्हणून आलेले नाही. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, डाळीत जे कमी पडते ते तांदूळ पुरवतो. भात बंद करा, हा सल्ला म्हणूनही चुकीचा आहे.

दुपारच्या जेवणाची अडचण तुमच्या घरी खरी आहे, कारण तेव्हा आई-बाबा कामावर असतात. आई सकाळी साडेनऊला स्वयंपाक उरकून ओट्यावर ठेवून जाते आणि मुलगा तीनला तो तसाच उघडून खातो, हे मी फार ऐकले आहे. पोळीचे फारसे बिघडत नाही, पण शिजवलेला भात खोलीच्या तापमानात चार-पाच तास राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यावरही नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब झाले की दोष मसाल्यावर जातो. भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम व्हावा. त्याहून बरे म्हणजे दुपारचा भात आणि वरण तुम्हीच लावावे. वाटीभर तुरीची डाळ धुऊन, अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि तेलाचा एक थेंब घालून कुकरच्या खालच्या भांड्यात, तांदूळ वरच्या भांड्यात, चार शिट्ट्या, आणि तेवढ्या वेळात काकडी-टमाटर चिरून होते. विसाव्या वर्षी हे येत नसेल तर सुट्टी ही शिकण्याची सर्वांत सोयीची वेळ आहे, आणि दिवसभर नोकरी करून आलेल्या आईच्या हातचे एक काम त्याने कमी होते. एकदा वरण-भात जमला की पालक घालून डाळभाजी, उरलेल्या वरणात कणकेची फळे घालून वरणफळ, बेसनाचे चून (पिठले) आणि ज्वारीची भाकर, हे सगळे टप्प्यात येते. मला मनापासून वाटते की वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला या चार गोष्टी आल्याच पाहिजेत, कारण पुढे मेस सुटून भाड्याची खोली येते, तेव्हा ज्यांना शिजवता येत नाही ते ब्रेड, नूडल्स आणि बाहेरच्या डब्यावर राहतात.

भाज्यांबाबत राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला सुमारे चारशे ग्रॅम भाज्या, पालेभाज्या धरून, सांगितल्या आहेत. मेसमध्ये याच्या निम्म्याही मिळत नाहीत, त्यामुळे सुट्टीत भाजीची वाटी दोन्ही वेळा भरून घ्यावी. या दिवसांत कॉटन मार्केटमध्ये किंवा गोकुळपेठेत पालक, मेथी, चवळी, वांगी ताजी येऊ लागतात. आठवड्यातून दोनदा आईबरोबर बाजारात जावे आणि भाजी निवडायचे कामही अंगावर घ्यावे.

फराळ अजिबात सोडू नये, फक्त डब्यातून खाऊ नये. समोर मोबाइल आणि मांडीवर चिवड्याचा डबा असेल तर किती खाल्ले याचा अंदाज कोणालाच राहत नाही. तळलेल्या आणि साखर-तुपाच्या पदार्थांत शंभर ग्रॅममागे साधारण पाचशे कॅलरी असतात, म्हणजे बोलता बोलता एका जेवणाएवढे पोटात जाते आणि खऱ्या जेवणाची भूक मरते. फराळ एका छोट्या ताटलीत काढावा, दोन चकल्या, एक करंजी, थोडा चिवडा, आणि तो दुपारी चारच्या चहाच्या वेळी बसून, चवीने खावा. चिवड्यात वाटीभर साधे मुर्रे (कुरमुरे), भाजलेले फल्लीदाणे, कांदा आणि सांबार मिसळले तर तेलाचे आणि मिठाचे प्रमाण बरेच खाली येते. नातेवाइकांकडे गेल्यावर तिथले आवर्जून खावे आणि त्या दिवशी घरचे चारचे खाणे वगळावे, हिशेब एवढाच ठेवावा.

सावजीचे जेवण हा नागपूरकडचा अभिमानाचा विषय आहे. हलबा कोष्टी समाजाच्या घराघरांतून आलेली ही पाककृती सुट्टीत एकदाही खाऊ नका, असे मी कोणालाच सांगणार नाही. तिखटाने जठरात व्रण होतात हा समज बरोबर नाही. बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक असतो. परंतु ज्याला आधीच जळजळ आहे, त्याला तिखट आणि तेलकट रस्सा रात्री अकराला खाल्ल्यावर त्रास होणारच, कारण जड, तेलकट जेवणाने जठर उशिरा रिकामे होते. म्हणून जळजळ पूर्ण थांबल्यानंतर, आठवड्यात एकदा, दुपारी जावे. ज्वारीच्या भाकरीबरोबर फोडी जास्त आणि वरची तर्री कमी घ्यावी, सोबत कांदा-लिंबू घ्यावे, आणि शीतपेयाऐवजी ताक मागावे. पाटवडी-रस्सा घेत असाल तर बेसनाच्या वड्यांतून प्रथिनेही चांगली मिळतात.

आजीच्या तुपाचे म्हणाल तर आजीचे ऐकावे, मात्र चमच्याच्या मापाने. एका चहाच्या चमच्यात सुमारे पाच ग्रॅम तूप, म्हणजे ४५ कॅलरी असतात. दोन्ही जेवणांत वरण-भातावर एकेक चमचा घेतल्याने काही बिघडत नाही आणि तिचेही समाधान होते. आग्रहाला नाही म्हणणे जड जात असेल, तर पहिल्या वाढीतच थोडे कमी घ्यावे, म्हणजे दुसरी वाढ मागून घेता येते. ज्या घरात वाढणाऱ्याच्या मनात काळजी असते, तिथे मागून घेतलेली अर्धी पोळी फार मोलाची ठरते.

फळांसाठी तुम्ही योग्य वेळी योग्य शहरात आहात. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात, साल अजून हिरवट असली तरी आत रस भरलेला असतो. रस काढून पिण्यापेक्षा संत्रे सोलून, पाकळ्या चावून खावे, कारण रस गाळताना तंतू निघून जातात आणि एका ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर एकदम पोटात जाते. जळजळ असेपर्यंत ते रिकाम्या पोटी खाऊ नये, जेवणानंतर खावे. रस्त्याच्या कडेला उकडलेले शिंगाडे याच काळात दिसतात, चारच्या वेळी बर्गरऐवजी ते घ्यावेत. आवळी नवमीला घरी आवळे आले तर त्यांचे लोणचे किंवा चटणी करून ताटात घ्यावी, क जीवनसत्त्व त्यांत संत्र्याहून कितीतरी पटीने अधिक असते.

चहा-कॉफी दिवसाला दोन-तीन कपांवर थांबवावी आणि संध्याकाळी पाचनंतर घेऊ नये. तुमची दोनपर्यंतची जागरणे काही अंशी त्यातूनच आली असण्याची शक्यता आहे.

सुट्टी संपताना बॅगेत काय न्यायचे याचाही विचार आताच करावा. लाडू-चिवडा आठवडाभरात मित्रांमध्ये संपतो, त्याऐवजी किंवा त्याबरोबर जवसाची चटणी न्यावी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत, पूर्ण निवू द्यावेत, मग सुकी लाल मिरची, लसूण, जिरे आणि मीठ घालून जाडसर वाटावेत. लसूण आधी तव्यावर कोरडा करून घेतला तर चटणीला ओल येत नाही. अख्खे जवस न पचता तसेच बाहेर पडतात, म्हणून वाटणे आवश्यक आहे. शाकाहारी आहारात दुर्मीळ असलेली ओमेगा-३ प्रकारची चरबी जवसात भरपूर असते. वाटल्यावर ती लवकर खवट होते, त्यामुळे डबा घट्ट झाकणाचा असावा आणि चटणी महिनाभरात संपेल एवढीच करावी. मेसच्या पातळ वरणावर रोज दोन चमचे ही चटणी, सोबत भाजलेले फल्लीदाणे आणि फुटाण्यांचा एक डबा, एवढे असले तर रात्री बाराला नूडल्स मागवण्याची वेळ कमी येते.

वेळा सांभाळून दोन आठवडे झाल्यावरही जळजळ राहिली, गिळताना अडकल्यासारखे वाटले, शौच काळी होऊ लागली, उलटीत रक्त दिसले किंवा खाणे नीट असूनही वजन उतरत गेले, तर आहारात आणखी बदल करत न बसता डॉक्टरांना दाखवावे. जळजळीसाठी रोज स्वतःच्या मनाने गोळी घेणे टाळावे. तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल, दूध-दहीही कमी घेत असाल आणि थकवा, हातापायांना मुंग्या अशी लक्षणे असतील, तर ब-१२ आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी पुण्याला जाण्यापूर्वी करून घ्यावी, कारण ब-१२ जीवनसत्त्व भाज्या, डाळी आणि धान्ये यांतून मिळत नाही आणि त्याची कमतरता निघाल्यास उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी असतानाच सुरू करता येतात.